बारदान

मार्केट यार्डातल्या आमच्या भुसार मालाच्या गाळ्यावर मी बसायला लागलो, तेव्हा काकांनी मला हिशेबाच्याही आधी बारदान शिकवलं. पोतं काट्यावर ठेवलं की जो आकडा दिसतो, तो माल आणि पोतं दोघांचा मिळून असतो. शंभर किलोचं जुनं तागाचं पोतं रिकामंच किलोभर भरायचं, आताची पन्नासची गोणी अर्ध्या किलोच्या थोडी वर भरते. ते वजा केल्याशिवाय पट्टी करायची नाही. "पैसे मालाचे मिळतात," काका म्हणाले होते, "पण हमालाच्या पाठीला दोन्हीचा भार सारखाच." त्यानंतर बारा वर्षं मी बारदान वजा करत आलोय. काकांच्या शरीराकडे पाहताना हा शब्द आठवेल, असं मात्र तेव्हा वाटलं नव्हतं.

आमचा गाळा जुन्या वळणाचा आहे. आत शिरलं की उजव्या हाताला पांढऱ्या चादरीची गादी, मागे तक्के, पुढ्यात लाकडी पेटी. आजोबांपासून मालक त्या गादीवर मांडी घालून बसत आलाय. काका अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या गादीवरून उठले आणि शेजारच्या खुर्चीत बसू लागले. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. गुडघे दुखतात, वय झालं, खुर्ची बरी. मलाही तसंच वाटलं.

पण गादी ही शेवटची पायरी होती, हे मला फार उशिरा उमगलं. सगळ्यात आधी गेला गाळ्याचा माळा. वर चढून थप्पी मोजणं हे काकांचं काम होतं, ते माझ्याकडे आलं. "आता तू शिकायला हवंस," ते म्हणाले आणि मला त्यात विश्वास दिसला. मग गेली पंगत. लग्नाकार्यात ते टेबलावर जेवू लागले, तेही पाहुण्यांबरोबर बसायला हवं म्हणून. मग गाव सुटलं. गावच्या घरात उकिडवं बसायचा संडास आहे, हे खरं कारण. सांगताना मात्र ते म्हणायचे की सीझनमध्ये गाळा सोडून जाता येत नाही. त्यानंतर जेजुरी. लग्नानंतर काकूंना उचलून घेऊन काका त्याच पायऱ्या चढले होते, रीतीप्रमाणे पाच नाही, अकरा, असं काकू अजून सांगतात. मुलाच्या लग्नानंतर सगळे गडावर गेलो तेव्हा काका खाली गाडीत बसून राहिले. भंडारा आम्ही वरून आणून त्यांच्या कपाळाला लावला. नखं काकू कापून देऊ लागल्या, बुटांच्या जागी चपला आल्या. आणि काकूंची गादी हॉलमध्ये आली, कारण काकांचं घोरणं. ते नुसतं घोरणंही नव्हतं. मध्येच आवाज थांबायचा, श्वास अडकायचा आणि मग दचकून सुरू व्हायचा. काकू तो थांबलेला वेळ मोजत जाग्या राहायच्या. शेवटी उठून हॉलमध्ये जायच्या आणि तिथेही दार उघडं ठेवून कान देऊन पडायच्या.

माणसाचं जग एका दिवसात लहान झालं, तर घरात आरडाओरडा होतो. एकेक जागा कमी होत गेली आणि प्रत्येक जागेला एक चांगलं कारण मिळत गेलं, तर कुणाला काही कळत नाही. त्या माणसालाही नाही.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला वह्या टेबलावर मांडल्या. गादीवर मांडायच्या त्या वह्या, लक्ष्मीची तसबीर, हळदकुंकू लावायचा काटा, सगळं खुर्चीच्या उंचीला आणून ठेवलं. काका पूजा करत होते आणि त्यांची तीन वर्षांची नात रिकाम्या गादीवर एकटी बसून "आजोबा, इथे या" म्हणत होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

संक्रांतीनंतरची गोष्ट. दुपारची आवक आटोपली होती आणि आमच्या गाळ्यावरचे जुने हमाल, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते पायरीवर चहा पीत बसले होते. वेल्ह्याकडचे आहेत. काकांच्याच वयाचे.

काकांनी विचारलं, "मामा, तुमचे गुडघे कसे चालतात हो?"

"चालत्यात कसले, शेठ! रोज तेल लावून निजतो. कंबर तर कामातनंच गेली." मामांनी चहा संपवला. "पर पोतं काय मी घरी नेत न्हाई. थप्पीला टाकलं की मोकळा."

हमालाच्या शरीराचं कौतुक करावं, असं त्यात काही नाही. शंभर किलोची पोती वाहून मणके झिजलेले म्हातारे मी याच यार्डात पाहिलेत. मामा फक्त आपल्या कामाबद्दल बोलत होते. पण काका बराच वेळ गप्प राहिले, मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले, चपला काढल्या आणि धान्याच्या काट्यावर जाऊन उभे राहिले. शहाऐंशी.

"लग्नात बासष्ट होतो," ते म्हणाले. "याच यार्डात चढलो होतो काट्यावर."

चोवीस किलो. तीस वर्षांत. मी सवयीने भागाकार केला. वर्षाला आठशे ग्रॅम, दिवसाला दोन ग्रॅम जेमतेम. दोन ग्रॅम म्हणजे चिमूटभर मीठ. आमचा काटा तेवढं दाखवतसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी काका घरी गेल्यावर मी एक काम केलं, ज्याची मला नंतर कितीतरी दिवस आठवण येत राहिली. कोलमचा पंचवीस किलोचा कट्टा मामांच्या मदतीने पोटाशी बांधून घेतला. मी तेव्हा चौतिसाचा होतो आणि धडधाकट होतो. माळ्याच्या अकरा पायऱ्या चढलो, उतरलो. कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जाऊन आलो. चपलेचा निसटलेला अंगठा वाकून नीट करायला गेलो तर हात पोचेना. शेवटी गादीवर बसलो. बसता आलं. उठता येईना. एक हात पेटीवर, दुसरा जमिनीवर, गुडघा आधी कुठला टेकायचा ते कळेना आणि छातीत भाता चाललेला. मामांनी दोरी सोडली, कट्टा उतरवून घेतला. पाय असे हलके झाले, की क्षणभर तोल गेला.

तोवर मी मनात काकांना आळशी म्हणत आलो होतो. माळ्यावर चढत नाहीत, दुपारी खुर्चीत पेंगतात, गावाला येत नाहीत. अर्ध्या तासात मी घामाने भिजलो होतो आणि माझ्या कट्ट्याची दोरी सोडायला मामा होते. काका तो कट्टा घेऊन झोपत होते.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी जेवण सोडलं. खरोखरच सोडलं. सकाळी लिंबूपाणी, दुपारी ताक, रात्री कुठलंसं सूप. व्यापारी माणूस, उधारी एकदम फेडायची जिद्द. महिन्यात सहा किलो उतरले. यार्डात कौतुक झालं. पण चेहरा ओढला गेला, आवाज बारीक झाला आणि एक दिवस गाळ्याच्या एवढ्याशा पायरीवर पाय उचलला गेला नाही म्हणून काका पडले. हाड मोडलं नाही, हे नशीब.

तेव्हा पहिल्यांदा नीट डॉक्टरकडे गेलो. त्या बाईंनी गुडघ्याचा फोटो बघण्याआधी काकांना साध्या खुर्चीत बसवलं, हात छातीवर घडी करायला सांगितले आणि म्हणाल्या, "हात न लावता पाच वेळा उठा-बसा." पंधरा सेकंदांच्या आत हे जमायला हवं. काका चौथ्या वेळी अर्धवट उठून धपकन बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की पन्नाशीनंतर माणसाचे स्नायू दरवर्षी थोडे थोडे आपोआपच कमी होत जातात. उपाशी राहिलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. वजन पुन्हा वाढलं तर येते ती बहुतेक चरबी. काका ऐकत होते. मग हळू आवाजात माझ्याकडे वळून म्हणाले, "माल गेला रे. बारदान राहिलं."

डॉक्टरीणबाईंना तो शब्द कळला नाही. मी समजावून सांगितला. त्यांनी तो तिथेच उचलला आणि नंतर प्रत्येक भेटीत वापरला. त्यांनीच सांगितलं, की लग्नातल्या बासष्ट किलोंमधलाही काही माल या तीस वर्षांत गेलाय, म्हणजे बारदान चोवीसहून जास्तच धरा.

बरोबर आलेल्या काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. बाई त्यांना म्हणाल्या, "आता तुम्ही या." काकू चमकल्या. त्या बारीकच आहेत, चोपन्न किलो. उंचीच्या मानाने अगदी बरोबर. आपल्याकडच्या माणसांसाठी उंची-वजनाच्या गुणोत्तराची, बीएमआयची, मर्यादा तेवीसच्या आत धरतात आणि काकूंचा साडेबावीस होता. पण टेपने कंबर मोजली तर शहाऐंशी सेंटीमीटर निघाली. बायकांची ऐंशीच्या आत हवी, पुरुषांची नव्वदच्या. पाळी गेल्यावर पोटाभोवती वाढत गेलं होतं आणि लुगड्याच्या घडीत ते कुणाला दिसत नव्हतं. रक्त तपासलं तर साखर उंबरठ्यावर.

"काट्यावर नीट भरलं म्हणजे आत माल आहे असं नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी एक खरी गोष्ट सांगितली. पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा होता, 22.3. दोघांनी अंगातली चरबी मोजून घेतली. युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2. दोघांचा एकत्र फोटो आणि हे आकडे 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आपल्या माणसांच्या हातापायांवर मांस कमी आणि पोटात चरबी जास्त, हे याज्ञिकांनी वर्षानुवर्षं अभ्यासलेलं सत्य त्या एका फोटोत मावलं होतं.

काकू घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत. तीस वर्षं घरातल्या सगळ्यांची औषधं त्यांनी वेळेवर दिली होती. त्यांची कंबर मोजावी, असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

सोडलेलं वजन पावसाळ्यापर्यंत परत आलं, वर एक किलो. सत्त्याऐंशी. काका म्हणाले, आता काय उपयोग. डॉक्टरीणबाईंनी बासष्टचं नावही काढलं नाही. त्या म्हणाल्या, वजनाचा दहावा हिस्सा. जवळपास पावणेनऊ किलो. तोही महिन्याला अर्धा किलो या वेगाने. आणि मग त्यांनी काकांच्या भाषेत एक हिशेब मांडला. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, जिन्यावर त्याहून जास्त. अंगावरचा एक किलो उतरला, की दुखऱ्या गुडघ्यावरचा भार दर पावलाला साधारण चार किलोंनी कमी होतो. एका किलोमीटरला एका पायाची साडेसहाशे पावलं धरा.

काकांनी तोंडीच गुणाकार केला. "सव्वीस क्विंटल."

"एका किलोमीटरला," बाई म्हणाल्या. "एका किलोमागे."

बावन्न गोण्या. गाडी लागली तर एवढा माल उतरवायला दोन हमाल लागतात. माझ्या अंदाजाने काका त्या दिवशी वळले. दीर्घायुष्य, हृदयविकार यांनी नाही, त्या बावन्न गोण्यांनी.

पुढचं दीड वर्ष सांगण्यासारखं कमी आणि करण्यासारखं जास्त होतं. सकाळी उठल्यावर खुर्चीतून हात न लावता उठणं, आधी तीन वेळा, मग पाच, मग दहा. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरून ठेवणं. सपाटीवर चालणं, गुडघा तयार होईपर्यंत पायऱ्या नाहीत. चहाचा हिशेब मी केला. यार्डात दिवसाला आठ चहा होतात, आलेल्या शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला एकट्याने प्यायला लावणं हा अपमान. प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला सत्तर ग्रॅम, महिन्याला दोन किलोंच्या वर. एवढी साखर काका नुसत्या शिष्टाचारापोटी पीत होते. टपरीवाल्या पोराने त्यांच्यासाठी बिनसाखरेचा अर्धा कप वेगळा आणायला सुरुवात केली. कोण म्हणतं जग मदत करत नाही? त्याला फक्त सांगावं लागतं.

आणि डाळ. गाळ्यात तूर, मूग, हरभरा यांची छतापर्यंत थप्पी आणि घरी ताटात पाणीदार आमटी. शंभर ग्रॅम डाळीत बावीस-तेवीस ग्रॅम प्रथिनं असतात, स्नायूंना तेच लागतं, हे कळल्यावर काकूंनी स्वयंपाक फिरवला. घट्ट वरण, मुगाचं धिरडं, पिठलं, वाटीभर दही आणि भात निम्मा. दोघंही तेच जेवत. काकू गच्चीवर पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या हातात घेऊन व्यायाम करू लागल्या. शेजारणी पाहतात म्हणून आधी पहाटे अंधारात, नंतर उजेडी.

झोपेची तपासणीही झाली. श्वास अडकण्याचा तो आजारच होता. रात्री नाकावर मुखवटा लावून हवा सोडणारं यंत्र आलं. काकांनी ते तीन महिने उशाशी ठेवलं आणि लावलं नाही. वजनापेक्षा त्या यंत्राची त्यांना जास्त लाज वाटत होती. एका रात्री काकूंनी हॉलमधून येऊन ते स्वतःच्या हाताने त्यांना लावलं आणि यंत्राची घरघर ऐकत पहाटेपर्यंत खुर्चीत बसून राहिल्या. त्या रात्री श्वास एकदाही थांबला नाही. दुसऱ्या दिवशी काका दुपारी पेंगले नाहीत. मी वही लिहिता लिहिता तीनदा मान वर करून पाहिलं.

पहिल्या दिवाळीला चार किलो कमी होते आणि पूजा पुन्हा टेबलावरच झाली. मध्ये दोन महिने आकडा जागचा हलला नाही. काका चिडायचे. उन्हाळ्यात ताप आला, तेव्हा चालणं सुटलं, पुन्हा धरलं. आम्ही घरातल्यांनी एकच पथ्य पाळलं. त्यांच्या वजनावर जेवणाच्या ताटाशी कुणी बोलायचं नाही.

जागा परत येऊ लागल्या, त्याही मागच्या दाराने. एक दिवस बूट दिसले पायात. एक दिवस मी माळ्यावर थप्पी मोजत होतो, मागून आवाज आला, "बत्तीस नाही, चौतीस आहेत. मागची ओळ बघ." काका माळ्यावर उभे होते, कठड्याला धरून, जरा धापा टाकत. त्यांना हात द्यायला मी पुढे झालो नाही. मामा खालून बघत होते. गावच्या जत्रेला गेले. रक्तदाबाची गोळी निम्मी झाली. काकूंची साखर उंबरठ्याच्या आत आली. त्याचं कौतुक काकांनी सबंध यार्डात केलं, स्वतःच्या किलोंचं नाही.

त्या दुसऱ्या दिवाळीला काट्यावर एकोणऐंशी होते. आठ किलो. आरशात बघून कुणी काही म्हणालं नसतं. पोट होतंच. उंचीच्या तक्त्यात काका अजून लठ्ठच होते. तिन्हीसांजेला मी नेहमीप्रमाणे टेबल ओढायला गेलो.

"राहू दे," काका म्हणाले. "वह्या खाली मांड."

नवी चादर घातलेल्या गादीवर वह्या मांडल्या. काकांनी डावा हात पेटीवर टेकला, एक गुडघा वाकवला, मग दुसरा, आणि बसले. पूर्ण मांडी नव्हती, उजवा पाय जरा पुढे होता. नात, आता पाच वर्षांची, काही न विचारता त्या पायाच्या बेचक्यात जाऊन बसली. काकांनी वह्यांना, पेटीला हळदकुंकू वाहिलं. काट्यासाठी उठावं लागणार होतं. मामांनी सवयीने हात पुढे केला. काकांनी आधी नातीला उतरवलं, पेटीवर हात ठेवला, एक पाय रोवला आणि उठले. मग मामांचा पुढे आलेला हात धरून त्यावर पहिलं पेढ्याचं पान ठेवलं.

पाडव्याच्या सकाळी मी नमस्कार करायला घरी गेलो. हॉल मोठा वाटला. दिवाणाशेजारच्या कोपऱ्यात चार वर्षं गुंडाळून ठेवलेली असायची, ती काकूंची गादी तिथे नव्हती. मी त्या जागेकडे पाहतोय हे काकूंच्या लक्षात आलं.

"माळ्यावर टाकलीय," फराळाचं ताट ठेवत त्या म्हणाल्या. "पाहुणे आले तर लागेल."